मोंतासांचा पोरगा मोठ्या लीगमध्ये

"फ्रेइलिनला घडवला कुणी? मी!"

हे वाक्य चेंचो न्हाव्याने सान पेद्रो गावाच्या त्या गल्लीत इतक्या वेळा ऐकवलं होतं की, गिऱ्हाईक खुर्चीत टेकता टेकताच म्हणायचं, "हो बाबा, तूच घडवलास. कानामागचे जरा बारीक कर."

अगदीच खोटं नव्हतं म्हणा ते. लहानपणी गल्लीच्या बेसबॉल संघाचा कप्तान चेंचोच होता. झाडूचा दांडा ही बॅट आणि पाण्याच्या जारचं झाकण हा चेंडू. फ्रेइलिन मोंतास ते झाकण असं टोलवायचा की थेट उसाच्या शेतात! पुढे त्याला अमेरिकेच्या एका बेसबॉल क्लबाने उचललं. मागोमाग त्याचा चुलतभाऊ ओबेद मोंतासही गेला, पण त्याची चौकशी कोण करतो? ओबेद म्हणजे भिडू कमी पडला तर घ्यायचा गडी. तिकडे कुठल्यातरी खालच्या संघात दुसऱ्यांच्या बॅगा उचलत असेल, असा गल्लीचा समज होता.

आणि एका रविवारी सकाळी रेडिओवरचा माणूस ओरडला, "आपल्या सान पेद्रोचा मोंतास आज मोठ्या लीगमध्ये उतरणार! दुपारी सामना!"

चेंचोच्या हातातला वस्तरा थांबला. गिऱ्हाइकाचं नशीब, म्हणून थांबला!

पुढच्या क्षणी चेंचो घशात कंगवा अडकल्यासारखा किंचाळत रस्त्यावर. "फ्रेइलिन! आपला फ्रेइलिन!"

फ्रेइलिनची आई, मिरेया काकू, केसांना गुंडाळ्या लावलेल्या अवस्थेत धावत आली. "म्हणून महिनाभर धड बोलत नव्हता मेला! विचारलं तर म्हणे, आई, नंतर सांगतो!" तिने फोन लावला. त्याने उचलला नाही.

"आता कसला उचलतोय काकू?" चेंचो म्हणाला. "मैदानावर सराव चालू असेल."

ओबेदची आई तोमासा, म्हणजे मिरेयाची धाकटी जाऊ, तिथेच उभी होती. तिच्या घरी कालपासून लाइट नव्हती, फोन मेलेला. ती हळूच म्हणाली, "आमच्या ओबेदचंही काही बोलले का हो रेडिओवर?"

"ओबेदचं पुढे बघू गं," मिरेया काकूने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी पाहुण्यांसाठी पेस्तेलितोच्या करंज्या तळायला घे. तुझ्या हाताला चव आहे."

तोमासा काकू मुकाट्याने दुकानामागच्या चुलीपाशी गेली.

इकडे चेंचोच्या अंगात वारं शिरलं होतं. त्याने जाहीर केलं, "आज प्रत्येकाच्या डोक्यावर मागच्या बाजूने 'फ्रेइलिन' कोरून मिळेल. फुकट!" फुकट म्हटल्यावर रांग लागली. कोळी आले, उसाच्या कारखान्यातले आले, चर्चची घंटा वाजवणारा आला. लहान डोक्यांवर नाव अर्धंच बसलं, तरी कुणी तक्रार केली नाही. रांगेत सर्वांत पुढे होता नेरेओ काका, ओबेदचा बाप! "पुतण्या काय, मुलगा काय," म्हणाला, "ठसठशीत कोर!"

दुपारी दुकानासमोर टीव्ही मांडला. अख्खी गल्ली लोटली. मिरेया काकू मधल्या खुर्चीत, लग्नातल्या वरमाईसारखी. सामना सुरू झाला. फ्रेइलिन कुठेच दिसेना.

"राखून ठेवलाय," चेंचोने समजावलं. "हुकमाचं पान कुणी पहिल्याच डावात टाकतं का?"

डावामागून डाव गेले. बियर संपत आली. एवढ्यात कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला आणि एका चेहऱ्यावर थांबला. तोंडात सॉसेजचा पाव, गालावर मोहरीची चटणी, डोक्यावर तिरकी टोपी.

"फ्रेइलिन!" मिरेया काकू किंचाळली. "हा तिकीट काढून बसलाय? आणि खातोय काय हा?"

तेवढ्यात लाइट गेली!

एकच कल्लोळ उडाला. "वेषांतर केलंय त्याने!" "छे, कोचशी भांडला असणार!" "अहो, भूक लागली असेल, खाऊन उतरेल!" सगळ्यांनी चेंचोकडे पाहिलं. पण कप्तान तो कप्तान. म्हणाला, "मोठ्या लीगमध्ये अशीच पद्धत असते. आधी गर्दीचा अंदाज घ्यायचा."

लाइट आली. टीव्हीवर मैदानाच्या मधोमध, चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, एक लांब हातांचा पोरगा उभा होता. पाठीवर लिहिलं होतं, मोंतास. पोरगा वळला.

अख्खी गल्ली पुढे झुकली.

"हा..." चेंचोने डोळे चोळले. "हा तर ओबेद!"

"कोण?" दुकानामागून तोमासा काकू झारा घेऊनच आली. झाऱ्यातून तेल टपकत होतं. टीव्हीतला मुलगा आणि ती यांच्यामध्ये गर्दी उभी होती. ती आपोआप दुभंगली. कुणालाही तिच्या नजरेला नजर देता येईना.

ओबेदने चेंडू फेकला. समोरच्या धिप्पाड गड्याची बॅट हवेत फिरली. पुन्हा फेकला, पुन्हा हवेत. तिसऱ्यांदा गडी आपल्याच पायात गुरफटून बसला. बाद!

"मेरीमाते!" तोमासा काकू मटकन खाली बसली. कॅमेरा पुन्हा प्रेक्षकांत गेला. फ्रेइलिन खुर्चीवर उभा राहून लहान पोरासारखा रडत होता आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारत ओरडत होता. आवाज येत नव्हता, पण ओठांवरून कळत होतं, "माझा भाऊ! माझा भाऊ!"

सगळे मिरेया काकूकडे पाहू लागले. ती उठली, वरमाईची खुर्ची उचलली, नेऊन जावेपाशी ठेवली. "बस इथे. झारा दे इकडे. मी तळते." चुलीकडे जाताना पुटपुटली, "क्लबाने काढून टाकलं होतं तर सांगायचं ना आईला! उतरू दे विमानातून, मग बघते!"

आणि मग नेरेओ काकाचा हात सावकाश स्वतःच्या डोक्यामागे गेला.

"चेंचो," तो म्हणाला, "माझ्या पोराच्या पहिल्या सामन्याला माझ्या डोक्यावर नाव कुणाचं आहे रे?"

चेंचोने मशीन हातात घेतलं ते संध्याकाळीच खाली ठेवलं. कोरलेलं खोडता येत नाही. सगळंच काढावं लागतं. दिवस मावळला तेव्हा गल्लीतले सगळे पुरुष नारळासारखे गुळगुळीत बसले होते आणि ओबेदच्या नावाने प्याले उंचावत होते.

तेवढ्यात तोमासा काकूच्या चार्ज केलेल्या फोनवर ओबेदचा फोन आला. ती नुसती रडत होती. चेंचोने अलगद फोन काढून घेतला, स्पीकरवर टाकला आणि छाती फुगवून ओरडला, "ओबेद! अरे, मी चेंचो! चेंचो!"



"कोण चेंचो?"

"अरे, तुझा कप्तान! गल्लीतला संघ! न्हावी!"

"अच्छा, अच्छा," ओबेद अदबीने म्हणाला. "बरे आहात ना काका? जरा आईला देता फोन?"

चेंचोने फोन दिला. गल्ली बघत होती. त्याने घसा खाकरला.

"बघितलंत?" तो म्हणाला. "काका म्हणाला मला. घरच्यासारखं!"