मॅडमचं वजन धरूया पन्नास

मुख्याध्यापिकाबाईंचं वजन किती, हा प्रश्न शाळेत आजवर कुणी तोंडातून काढला नव्हता. विज्ञानाच्या सरांना मात्र तो आकडा हवाच होता. त्यात सरांची नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि सही बाईंचीच!

झालं होतं असं की, वार्षिक समारंभातल्या शिक्षकांच्या नाचासाठी बाईंनी सरांना जोडीला घेतलं. शेवटी दोघांनी हात धरून गरागरा फिरायचं, आणि स्टेज तर एवढंसं. सरांची झोपच उडाली. एकमेकांना धरून फिरणाऱ्या दोन वस्तू कुठल्या बिंदूभोवती फिरतात, त्यांच्यात ऊर्जा किती साठते, ती थोपवायची कशी, हे सगळं त्यांना तोंडपाठ. घोडं अडलं ते वजनापाशी.

"विचारून टाका की सरळ," चित्रकलेच्या शिक्षिका म्हणाल्या.

"तुमचं काय जातंय! तुम्ही कायम आहात."

शेवटी सरांनी स्वतःचे साठ किलो आणि बाईंचे, मनातल्या मनात हात जोडून, पन्नास धरले. बाई दारात उभ्या राहिल्या की वर्गात अंधार पडायचा, ही गोष्ट वेगळी. मग स्टेजवर खडूने दोन वर्तुळं काढली. सरांचं लहान, बाईंचं मोठं.

"माझं मोठं का हो?" बाईंनी भुवई चढवली.

"हलकी वस्तू लांबून फिरते, मॅडम."

बाई चक्क लाजल्या.

समारंभाच्या दिवशी गाणं रंगात आलं, दोघं फिरू लागले आणि पहिल्याच गिरकीत खडूची वर्तुळं निकालात निघाली. बाई मधोमध ठाम, आणि सर त्यांच्याभोवती भिरभिरताहेत!

"मॅडम, हळू!"

"आता कुठे जमतंय, सर!"

आधी सरांचे पाय सुटले, मग हात. समोरच्या टेबलावरचे पाण्याचे पेले, फुलदाणी, सगळं आडवं करत ते थेट संस्थेच्या अध्यक्षांच्या मांडीवर जाऊन आदळले.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलंच. सर लंगडत आत गेले. टेबलावर त्यांच्या नोकरीचा कागद, शेजारी अध्यक्ष.

"गणित चुकलं कुठे, सर?" बाईंनी विचारलं.

सरांची पंचाईत झाली. सूत्र चुकलं म्हणावं तर विज्ञान शिकवायचं कुठल्या तोंडाने? आणि खरं बोलावं तर शिकवायचं कुठे?

"वजन चुकलं, मॅडम."

"कुणाचं?"

"माझं. साठ धरलं होतं. मी फार तर पस्तीस भरेन."

"पस्तीस?" अध्यक्ष मांडी चोळत ओरडले. "अहो, मी झेललंय याला!"

"साहेब," बाई सही करता करता म्हणाल्या, "विज्ञान तुम्हाला जास्त कळतं की आमच्या सरांना?"