दत्तूनानांची शेंगदाण्याएवढी मोटर

काष्टी गावात मोटर म्हटलं की विहिरीवरची, दोघांनी मिळून उचलायची. आमच्या दत्तूनानांची मोटर मात्र शेंगदाण्याएवढी, आणि ती ते कागदाच्या विमानाला लावतात.

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्यांच्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानाला लागून. नाना सकाळी येतात, कागद तळहातावर घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "लोड लई हाय, शेठ. दुसरा दावा." लोड हा त्यांचा लाडका शब्द. लग्नात जेवून उठले की "लोड झाला", नवरा-नवरी शोभत नसतील तर "लोड जमला न्हाई." जळालेली मोटर नव्या तारेनं भरून द्यावी ती नानांनीच, तालुक्यात त्यांचा हात धरणारा नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो. तेच नाना मध्ये महिनाभर मोडक्या खेळण्यांतल्या मोटरी काढून विमानांच्या शेपटीला चिकटवत बसले होते.

विमानं उडायची, पण नाक वर करून मागच्या मागे बसायची. एक गटारात गेलं. एक कांद्याच्या टेम्पोत पडलं आणि टेम्पोबरोबर नगरला गेलं. लोक हसले, तर नाना म्हणाले, "नगरपत्तुर गेलं की! आनि काय पायजे?"

शेवटी वैतागून मी विचारलं, "नाना, हे सगळं कशापायी?"

त्यांनी रस्त्यापलीकडे बोट केलं. समोरच त्यांचं घर. अंगणात चुलीपुढे वच्छीकाकू, वाऱ्यामुळे रस्त्याकडे पाठ करून बसलेल्या.

"तीस वर्सं झाली, दुपारी मी शटर वढलं की त्या आवाजावर ती तव्यात भाकर टाकती. मी हातपाय धुतो तवर भाकर फुगती. औंदा तिचा कान गेला. आता मी एकदम म्होरं दिसलो की दचकती. म्हन्ली, तुमी आलेलं मला कळंना झालं. रडली हो. इमान म्होरं उतरलं की कळंल तिला, मी निघालो म्हनून."

"मग वायर टाकून बल्ब लावा की."

"दुपारची लाईट कवा असती? आन् बटन दाबून बोलवायला ती काय नोकर हाय?"

मी पातळातला पातळ कागद काढून दिला.

त्या दिवशीचं विमान कसंबसं अंगणात जाऊन उलटं पडलं. काकूंनी उचललं, शेपटीची मोटर पाहिली आणि हसल्या. नवी मोटर हळदी-कुंकवाशिवाय चालू करायची नाही, ही आमच्याकडची रीत. त्यांनी पिठाच्या हातानंच विमानाच्या नाकाला कुंकू लावलं. नाना ते परत घेऊन आले, तेव्हा नाकावर ओल्या पिठाचा गोळा चिकटलेला.

"पुसून टाका, जड होईल," मी म्हणालो.

"तिचा हात लागलाय. पुसायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांनी विमान सोडलं. पिठाच्या भारानं नाक वर झालं नाही. उसाच्या ट्रॉलीवरून, काकूंच्या डोक्यावरून सरळ गेलं आणि त्यांच्या पुढ्यात, चुलीच्या अलीकडे टेकलं. काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. हातावरची भाकरी तव्यात टाकली.

"लोड जमला, शेठ," नाना म्हणाले.

मग त्यांनी शटर ओढलं. काकूंना ऐकू येणार नव्हतं, तरी रोजच्यापेक्षा जोरात ओढलं.