वामनभाऊंच्या खिडकीचं शटर

आरमोरीला आमच्या गल्लीत एक घर असं आहे, की त्याच्या बैठकीच्या खिडकीला दुकानाचं शटर आहे. तेच, लोखंडी, धडधडत वर गुंडाळणारं. सकाळी ते उघडलं की अख्ख्या गल्लीची झोप उडते. घर वामनभाऊंचं, आणि भिंतीला भिंत माझी. त्यामुळे माझी झोप सगळ्यांच्या आधी उडते.

वामनभाऊ राइस मिलमध्ये मुकादम होते. आता रिटायर, आणि घरात एकटेच. हे नवं घर उभं राहायच्या आधीच काकू गेल्या. काहीही ठरवायचं असलं की "सोचा लागते बावा" म्हणतात आणि गावभर सल्ला विचारत फिरतात. टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा यावर त्यांनी नळाच्या मिस्त्रीचंही मत घेतलं होतं. ऐकत मात्र कोणाच्या बापाचं नाहीत.

खिडक्यांचंही तसंच झालं. त्यांची मुलगी पल्लवी पुण्याला असते. तिनं फोनवर विचारलं, बाबा, खिडकीला शटर्स लावायचे की ब्लाइंड्स? तिच्या डोक्यात लाकडी पट्ट्यांची झडप होती, नाहीतर दोरी ओढली की वर जाणारा पट्ट्यांचा पडदा. भाऊंनी भरपूर सोचलं. ब्लाइंड म्हणजे आंधळा, एवढं इंग्रजी त्यांना येतं. चांगली डोळस खिडकी आंधळी कशाला करायची? मी म्हटलं, भाऊ, पोरीला एकदा नीट विचारून घ्या. ते सरळ वेल्डिंगवाल्याकडे गेले आणि शटर सांगून आले. त्या भल्या माणसानंही काऊन म्हणून विचारलं नाही. दुकान टाकत असतील, असं त्याला वाटलं.

मग सगळ्यांनाच तसं वाटायला लागलं. कोणी रिचार्ज मागे, कोणी झेरॉक्स, कोणी तंबाखूचा खर्रा. बाजाराच्या दिवशी कुरखेड्याकडची एक म्हातारी रेशन कधी येणार विचारत ओट्यावर बसली ती उठेचना. भाऊंनी तिला चहा पाजला, तिच्या धानाची चौकशी केली आणि एसटीत बसवून दिलं.

दिवाळीला पल्लवी आली ती पट्ट्यांचे पडदे घेऊनच. शटर पाहून तिनं कपाळावर हात मारला. लोक हसतात बाबा, आजच काढून टाकू, म्हणाली. भाऊ म्हणाले, सोचा लागते. मला पंच म्हणून बोलावलं. मी कशाला मागे राहतो? झोपेसाठी आसुसलेला माणूस मी, काढाच म्हणालो.

भाऊ बराच वेळ टाचेनं फरशी घासत बसले. मग पल्लवीला म्हणाले, "तुही माय गेली तवापासून आपल्या घरी कोनी येत नव्हतं, पोरी. लोकं मान खाली घालून निंगून जात. आता रोज कोनी ना कोनी खिडकीत येऊन इचारते, काय भेटते जी? मी म्हन्तो, काईच नाई, पन बसा. पडदा लावला तं कोन इचारन मले?"

पल्लवीनं पडद्यांचं खोकं उचललं आणि आत पलंगाखाली सारून दिलं. तेवढ्यात एक सायकलवाला खिडकीपाशी थांबला आणि त्यानं साखर आहे का विचारलं. भाऊ उठायच्या आत पल्लवीच खिडकीत गेली.

"साखर नाई जी," ती म्हणाली. "या, बसा. बाबा आहेत घरी."