उजवीकडची झाडी

सासरेबुवांनी नव्या गाडीची किल्ली जावयाच्या हातावर ठेवली, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आल्या आणि बायको तर खिडकीत उभी राहून बघतच राहिली. सासरेबुवा म्हणजे निवृत्त न्यायाधीश. पोटच्या मुलीलाही त्यांनी कधी गाडीला हात लावू दिला नव्हता. जावई दातांचा डॉक्टर, दवाखाना पलीकडच्याच गल्लीत, पण इतक्या वर्षांत सासरेबुवा त्याच्या खुर्चीवर एकदाही बसले नव्हते. "आमचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत," एवढाच त्यांचा निकाल.

"किल्ली एकच आहे, जावईबापू. सांभाळाल ना?"

"बाबा, जिवापाड सांभाळतो!"

दोघं गोल्फ खेळायला निघाले होते. ते मैदान म्हणजे मैदान कसलं, जंगलच! मोठमोठ्या स्पर्धा तिथे व्हायच्या आणि भल्याभल्यांची भंबेरी उडायची. दोन्हीकडे उंच झाडी आणि मधून गवताचा पट्टा, तोही बोळाएवढा. सासरेबुवा तिथले जुने विजेते. जावई वर्षभर शिकत होता, पण त्याच्या चेंडूला झाडांचा भारी लळा.

चौथ्या होलला तो चेंडू उजवीकडच्या झाडीत गेलाच. दोघंही शोधायला आत शिरले. गुडघाभर पाचोळा, वर काटे. जावई एका झुडपाखाली सरपटत असताना पलीकडून सासरेबुवांची शिंक ऐकू आली. फांदीवरचे पक्षी उडाले, एवढी मोठी. तेवढ्यात मैदानावर देखरेख करणारा माणूस आपल्या छोट्या गाडीतून ओरडला, "साहेब, मागची मंडळी खोळंबलीत! चेंडू गेला समजा आणि पुढे चला!"

पाचव्या होलपाशी जावयाने सहज खिसा चाचपला. किल्ली नव्हती.

सासरेबुवा तोंडावर रुमाल धरून उभे होते. एरवी प्रत्येक फटक्यावर शेरा मारणारा माणूस, आता चकार शब्द नाही.

"बाबा, रागावलात का?"

"अंहं."

मेलो, जावई मनात म्हणाला. यांनी नक्की ओळखलंय.

मागे फिरायला देखरेखवाला देणार नव्हता आणि कारण सांगायची जावयाची छाती नव्हती. एकच गोष्ट बरी होती. पाचव्या होलचा पट्टा त्याच झाडीच्या पलीकडून परत येत होता, म्हणजे झाडी पुन्हा उजव्या हाताला. चेंडू तिकडे घालवायचा, शोधायच्या निमित्ताने आत शिरायचं आणि किल्ली उचलायची. चेंडू झाडीत घालवणं हा तर त्याच्या डाव्या हातचा मळ!

त्याने उजवीकडे नेम धरला आणि स्टिक फिरवली. चेंडू निघाला तो सुतासारखा सरळ, थेट पट्ट्याच्या मधोमध. वर्षभरात पहिल्यांदा!

"वा साहेब!" देखरेखवाल्याने टाळ्या वाजवल्या. "काय फटका मारलात!"

जावयाला रडू फुटायचंच बाकी होतं.

मग सासरेबुवा पुढे झाले. त्यांनी शांतपणे नेम धरला आणि चेंडू सरळ झाडीत घातला.

"बाबा, तुमचा चेंडू? झाडीत?"

"हं," म्हणून ते जवळजवळ धावतच निघाले.

"तुम्ही नका, मी शोधतो!" जावई मागे पळाला. सासरेबुवांनी त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं, त्याने ती सोडवून घेतली आणि दोघं एकदमच आत घुसले. माजी न्यायाधीश एका झुडपाखाली, डॉक्टर दुसऱ्या झुडपाखाली, दोघंही रांगत.

"अहो साहेब!" बाहेरून हाक आली. "चेंडू झाडाला आपटून बाहेर आलाय! हा काय, माझ्या पायाशी! आत काय शोधताय?"

दोघंही आणखी आत सरकले.

पाचोळ्यात जावयाच्या हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं. त्याने ते वर काढलं. वरच्या दातांची अख्खी कवळी! समोरच्या बुंध्यामागून सासरेबुवा उठले. त्यांच्या हातात किल्ली होती.

दोघं एकमेकांच्या हातांकडे बघत राहिले. रुमाल हळूहळू खाली आला.

"शिंकलो," सासरेबुवा पुटपुटले.

"मी सरपटत होतो," जावई म्हणाला, आणि त्याला असं हसू फुटलं की तो मटकन खाली बसला. सासरेबुवाही त्या बोळक्या तोंडाने हसायला लागले. मग त्यांनी कवळीसाठी हात पुढे केला.

"थांबा, तशीच घालू नका!" जावयाने बाटलीतल्या पाण्याने ती धुतली आणि उजेडात धरली. "कुणी केली ही? मापच चुकलंय. ही जांभईनेसुद्धा पडेल. माझ्याकडे का नाही आलात?"

सासरेबुवांनी कवळी बसवली, आवाज परत आला का ते खाकरून पाहिलं. "आयुष्यभर लोकांची तोंडं बंद केली हो. जावयापुढे आ करून पडायचं कसं?"

"घरी काही बोलणार नाही मी, बाबा. पण ते किल्लीचं..."

"कसली किल्ली?" म्हणत त्यांनी ती जावयाच्या खिशात टाकली आणि खिशाची चेन स्वतः ओढली. "सोमवारी दवाखाना किती वाजता उघडता?"

जावयाचा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन त्याने मधोमध बसलेल्या आपल्या चेंडूवर मोकळ्या मनाने स्टिक फिरवली. चेंडू उजवीकडे वळला आणि थेट त्याच झाडीत गेला.

तो सवयीने निघालाच होता, तेवढ्यात सासरेबुवांनी हाक मारली.

"राहू द्या, जावईबापू. तिथलं आपलं सगळं सापडलंय."