भेगेचा फोटो

ग्वाल्हेरला शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीत प्रत्येक मराठी बैठकीत पगडी-तलवारीसकट एक पूर्वज टांगलेला आहे. लिमये सरांच्या बैठकीत त्या जागी एका भेगेचा फोटो आहे. हार नाही, पण रोज फडकं मारलं जातं.

सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. तरुणपणी लडाखमध्ये, नदीच्या खचलेल्या काठात, त्यांना ती दिसली: मातीत निमुळती उतरत गेलेली वाळूची पाचर. नवा पाहुणा "ही कुणाच्या भिंतीची ओल?" असं विचारतो आणि अडकतो.

"हिमयुगात जमीन इतकी गोठली की तडकली," सर सुरू होतात. "भेगेत बर्फ साचत गेला. पुढे हवा तापली, बर्फ गेला, त्या जागी वाळू पडली. आकार तोच राहिला. थर्मामीटर नव्हता, पण पुरावा आहे!"

हे जूनमध्ये. कूलर बंद, पाहुण्याच्या हातातलं सरबत कोमट.

एकदा शेजारच्या जगदाळ्यांनी सांगितलं, आमचे पणजोबा हत्तीवरून घरी यायचे. सरांनी उठून त्यांच्या दाराची चौकट वितीने मापली.

"हत्ती बाहेर थांबायचा," जगदाळे म्हणाले.

"मग साखळीचं कडं कुठाय? भिंत घासलेली कुठाय?"

तेव्हापासून जगदाळे पणजोबांना घोड्यावरून आणतात.

सरांच्या पत्नी मालूताई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. भेटायला आलेल्यांनाही सरांनी भेग समजावून सांगितली. लोक जरा लवकर उठले.

दिवाळीला सरांची मुलगी मीनल यायची होती. तिने मला फोन केला, "काका, बाबांच्या मागे लागून घर रंगवून घ्या ना." मी रंगवाल्याला घेऊन गेलो. स्वयंपाकघरात तो थबकला. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर तेलाचा काळपट डाग होता. दुपारची कामं आवरली की मालूताई तिथे खाली बसून भिंतीला डोकं टेकायच्या.

"अंकलजी, इसको घिसना पड़ेगा, नहीं तो दाग रंग के ऊपर आ जाएगा."

सर मध्ये जाऊन उभे राहिले. "आने दो."

"सर, अहो एवढा डाग! मीनल मला बोलेल."

"पुरावा पुसायचा नसतो," सर म्हणाले. आवाज नेहमीचाच, वर्गातला.

रंगवाल्याने कपाळावर हात मारला आणि डाग सोडून बाकी भिंत पिस्ता रंगाची केली. मीनल आली, भिंतीपाशी थोडी थांबली. मग तिने चहाचं आधण ठेवलं.

सरांनी जन्मात कधी डोक्याला तेल लावलं नव्हतं. ते त्याला थोतांड म्हणत. परवा चहाला गेलो तर त्यांच्या डोक्याला मालूताईंच्या माक्याच्या तेलाचा वास येत होता. ते कप विसळत होते. माझी नजर भिंतीकडे गेली. जुन्या डागाशेजारी, कोऱ्या पिस्त्यावर, किंचित वर, दुसरा डाग धरू लागला होता. अजून फिकट.

पुरावा समोर होता.