मामांचं लोणचं फुकेतला जातं

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, पाण्याची बाटली कानाजवळ धरून उघडतात. झाकण फिरवताना ‘कट्’ असा आवाज आला तरच पितात, नाहीतर बाटली परत. “बोलली न्हाय,” एवढंच कारण देतात. दुकानदार भिवंडीचा असो की फुकेतचा, आणखी पुरावा द्यायची त्यांना गरज वाटत नाही.

मामा भिवंडीजवळच्या काल्हेरचे. तरुणपण खाडीत मासे धरण्यात गेलं. आता त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी आहेत आणि मामा निवांत आहेत. पण हळदीच्या जेवणाची मासळी आणायची असली की आजही गाव त्यांनाच टेम्पोत बसवून नेतं. माशाचा कल्ला उघडून आत लाल दिसलं तरच ते मान हलवतात. ही सवय इतकी अंगात भिनलेली, की लग्न ठरवायला गेलो तेव्हा मलासुद्धा त्यांनी तसंच न्याहाळलं होतं.

मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यावर मामा घरातच बसून राहू लागले. म्हणून माझ्या बायकोने, वंदनाने, त्यांना फुकेतच्या सहलीला पाठवलं आणि सोबत मला. माझं भिवंडीत निजामपुऱ्याला पॉवरलूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ग्रीसच्या हाताने वडापाव खाणारा मी माणूस, पण विमानात बसताच मला आरोग्याचा झटका आला. दातसुद्धा मी बाटलीतल्या पाण्याने घासले. बर्फ घेऊ नका, कापलेली फळं खाऊ नका, हे सहलीतल्या प्रत्येकाला इतक्या वेळा ऐकवलं की ठाण्याच्या एक बाई मी दिसलो की आइस्क्रीम पाठीमागे लपवायच्या.

मामांची तपासणी वेगळी. हॉटेलच्या वेटरला त्यांनी खास भिवंडीच्या हिंदीत सांगितलं, “भाई, पहले कल्ला दिखाव.” तो हसत आत गेला आणि चमचा घेऊन आला. शेवटी मामा स्वतःच स्वयंपाकघरात शिरले, आचाऱ्याच्या हातातून मासा घेतला, कल्ला उघडला, आणि मग दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. मी लाजेने मान खाली घालून हातांना सॅनिटायझर चोळत बसलो.

जेवताना मामा पिशवीतून बरणी काढत. कोलंबीचं लोणचं. दरवर्षी मामी करायच्या, यंदा पहिल्यांदाच मामांनी केलं होतं. “कसं झालंय, जावयबापू?” असं विचारत आणि उत्तर येईपर्यंत घास हातात धरून थांबत. एका रात्री झाकण उघडलं तसा आंबूस वास आला. बर्फाच्या खड्याला घाबरणारा मी, मामांचा चेहरा बघून चार कोलंब्या जास्तच खाल्ल्या. “मामींसारखंच,” म्हणालो. मामांनीही खाल्लं, पण त्यांच्या पोटाला अख्खी खाडी पचलेली आहे.

दुसऱ्या सकाळी सगळे समुद्रसफरीला निघाले आणि मी बाथरूममध्ये. ठाण्याच्या बाईंनी दाराबाहेरून विचारलं, “काय हो, बर्फ खाल्लात वाटतं?” मामा माझ्यासाठी मागे राहिले. खोलीतल्या किटलीत सोबत आणलेल्या गावच्या तांदळाची पेज केली, मीठ घातलं, मला उठवून बसवलं. मग हॉटेलवर भडकले.

“त्या आचाऱ्याला मीच पास केला! आता बघतोच त्याला.” पायांत चपलाही घातल्या.

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा घातलेलं लोणचं नासलं, हे मला त्यांना सांगायचं नव्हतं. पण त्या बिचाऱ्या आचाऱ्याने तरी काय केलं होतं?

“मामा, आचारी नाही. लोणचं.”

ते दारातच थांबले. “वास येत व्हता?”

“काल आला.”

“मंग खाल्लं कशाला?”

मामा पलंगावर बसले. बरणी उघडून नाकाशी नेली, बराच वेळ धरून ठेवली.

“मना कायच येत न्हाय,” ते म्हणाले. “मागं मोठा ताप आला, त्यात वास गेला, तो परत आलाच न्हाय. कुनाला बोललो न्हाय. तुमची सासू हुंगायची, मंग मी खायचो. आता डोलं नि कान, एवढंच हाय. मासा बघता येतो, बाटली ऐकता येते. लोनच्याला काय करू?”

बर्फावर इतकी भाषणं केली होती मी. आता वाटीतली पेज तेवढी संपवली. मामांनी लोणचं टाकून दिलं. बरणी मात्र गरम पाण्याने धुतली आणि टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवली.

पुढच्या सकाळी नाश्त्याला मी सगळ्यांबरोबर खाली आलो. मामांनी आमलेटची बशी उचलली आणि माझ्या नाकाखाली धरली. ठाण्याच्या बाईंचा चमचा तोंडाशीच थांबला. मी नीट हुंगलं.

“चालेल, मामा.”

मग ते खायला लागले.