पहिला दात आणि घरचे जंतू

मुलीला पहिला दात आला आणि घराची शांतता गेली. दात इवलासा, तांदळाच्या कणीएवढा. पण मुलांच्या डॉक्टरांनी बापाला सांगितलं होतं की दात किडवणारे जंतू बाळाला मोठ्यांच्या लाळेतून मिळतात आणि दात फुटला की तिथंच ठाण मांडतात. झालं! घरात फर्मान निघालं : चमचा चाटायचा नाही, घासावर फुंकर मारायची नाही, तोंडाचा पापा घ्यायचा नाही.

"अरे, मग गरम घास गार कसा करू?" आजीने विचारलं.

"थांबायचं, आई."

"आणि तोवर ती भोकाड पसरेल, ते?"

आजीने टेबलफॅन लावला. घास गार झाला, पण वाटीतला निम्मा भिंतीवर गेला. मुलीला ते इतकं आवडलं की पंख्याशिवाय ती तोंडच उघडेना. मग एकदा सवयीने आजीने चमचा ओठांना लावला आणि बापाने तो हिसकावला.

"माझं तोंड म्हणजे गटार आहे का रे?" म्हणत आजीने तोंडाला रुमाल बांधला. तो बघून नात घाबरून रडायला लागली, ती थांबेचना.

"पुरे!" सून म्हणाली. "सगळ्यांची तोंडं तपासून घेऊ. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी आजीची कवळी काढून ठेवली. हिरड्या ठणठणीत. सुनेचे दातही चांगले. मग बापाने आ वासला आणि बाईंचं गुणगुणणं थांबलं.

"पाच किडलेत. शेवटचं कधी दाखवलं होतं?"

"शाळेत असताना. पण मी चमचा चाटत नाही हं!"

"चमचा कशाला?" सून म्हणाली. "लेकीची बोटं दिवसभर तुझ्या तोंडात, नाहीतर तिच्या स्वतःच्या!"

आजीचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "बाई, मग याला कुणाकडून मिळाले हो हे जंतू?"

"लहानपणी यांना भरवायचं कोण?" बाईंनी सहज विचारलं.

आजीने कवळी उचलली, सावकाश तोंडात बसवली आणि म्हणाली, "याचे वडील."

"पण ते तर वर्षातले दहा महिने बोटीवर असायचे ना?" सून म्हणाली.

बाप खुर्चीत पुन्हा आ वासून पडला होता, बाईंचा आरसा तोंडात असल्याने त्याला बोलता येत नव्हतं. आजी पर्सची चेन लावत म्हणाली,

"उरलेल्या दोन महिन्यांत फार भरवलं गं त्यांनी."